शेजारची खुर्ची

डोंबिवलीला मामाकडे गेलं की गॅलरीतल्या लोखंडी टेबलावर कागदांची चवड असतेच. श्रावणात ती कथांची असते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मामा एका लहानशा दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा पहिल्या फेरीत चाळून देतो. मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती मिळतात, त्यातली एक माझी. यंदा मी पुण्याहून पोहोचले तेव्हा चवड अर्धी उतरली होती आणि मामाचा पारा चढला होता.

"एकोणीस वाचल्या," तो म्हणाला, "आणि त्यातल्या सातांत अप्रेझल आहे. नायकाला रेटिंग कमी मिळतं, बढती दुसऱ्याला जाते, मग हा एक्सप्रेस वेवर गाडी कडेला घेऊन आभाळाकडे बघत बसतो. झाली कथा! अगं, सत्तर हजारवाल्याला ऐंशी हजारवाल्याचा हेवा वाटतो, यात वर्ग कुठाय?"

हा मामाचा ठेवणीतला प्रश्न. तीस-बत्तीस वर्षं युनियनचं काम केलेला माणूस. आणि मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एचआरमध्ये, म्हणजे ती रेटिंगं जिथून निघतात त्या खात्यात. त्याच्या हिशेबी मालकाची माणूस. त्यामुळे आमचं साहित्यावरचं बोलणं दुसऱ्या वाक्यालाच वाटाघाटीला बसल्यासारखं होतं.

"आधीच्या कथेत कोण कुणाच्या छातीवर बसलंय ते दिसायचं," मामा म्हणाला. "अण्णा भाऊंची 'स्मशानातील सोनं' घे. वारणेकडचा भीमा मुंबईत खाणीवर लागतो. खाण बंद पडते. घरात खायला नाही, म्हणून हा मढी उकरून त्यांच्या अंगावरचं किडूकमिडूक सोनं काढायला लागतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात बोटं अडकतात, ती काढून टाकावी लागतात, आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारी बोटं गेली ती गेलीच. सांग, यात कुठाय तुमचा हेवादावा?"

"आहे की. कोल्ह्यांशी."

मामा माझ्याकडे बघत राहिला.

"भीमा झुंजतो कुणाशी? त्याच मढ्यावर आलेल्या कोल्ह्यांशी. खाणीचा मालक सबंध कथेत दिसत नाही. समोर येतं ते भीमाइतकंच भुकेलेलं जनावर."

"मालक दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही. खाण बंद कुणी केली?"

"तेच तर. बंद करणारा दिसत नाही, आणि हाताशी येतो तो कोल्हा. माणूस हाताशी येईल त्यालाच मारतो. माझ्या मते कामाच्या जागेवरच्या बऱ्याचशा चांगल्या कथा इथेच घडतात."

मामाला हे पटलं नाही, पण कोल्हा त्याच्या मनात बसला असावा, कारण पुढच्या तासाभरात त्याने तो दोनदा काढला.

मग अपेक्षेप्रमाणे तो संपाकडे वळला. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मामा पंचविशीत होता आणि लालबागच्या शाखेत होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. "माझ्या काउंटरवर यायचे गं. आधी बचत खातं रिकामं, मग मुदत ठेव मोडायची, मग सोनेतारण. कोण कुठल्या महिन्यात कुठवर आलाय ते मला त्याच्या पासबुकावरून कळायचं. जयंत पवार मला का आवडतो, तर त्याला ही पासबुकं वाचता यायची. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हे नाव नुसतं ऐकलं तरी लोअर परळची ती मिल आणि तिच्या जागेवर उभा राहिलेला मॉल आठवतो. साहित्य अकादमी मिळाली त्याला 2012मध्ये. ती कथा म्हणजे वर्गाची कथा."

"आणि 'अधांतर'? नाटक असलं तरी तेच जग ना? गिरणी बंद पडल्यावर एका खोलीतले भाऊ एकमेकांना खायला उठतात."

"उठतात, कारण वरून दाब आहे."

"दाब वरून आहे, कबूल. पण दाबाची कथा होत नाही मामा, दाबाचा निबंध होतो. कथा त्या खोलीतल्या भावांची होते."

हे जरा जास्तच चटपटीत बोलले, असं मला तेव्हाही वाटलं.

"आणि तू म्हणतोस तो एकजिनसी कामगार गिरणीत तरी होता का?" मी रेटलं. "साचेखात्यात दलितांना घेत नसत. का, तर कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि त्यांच्या उष्ट्याचा विटाळ बाकीच्यांना नको होता. विणकामात कमाई बरी, म्हणजे बरी कमाई त्यांना बंद. ही अट काही एकट्या मालकाने घातलेली नव्हती, शेजारच्या साच्यावर उभा राहणाऱ्याचीच ती होती. 1928च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना हेच विचारलं होतं."

"मला नको शिकवूस. अभ्यासवर्गात हे आम्हीच सांगायचो."

"सांगायचात. मग नवकथा ऐन भरात असताना हे कथेत का येत नव्हतं? 1963मध्ये बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' यावं लागलं. त्या कथेत काय आहे बघ. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण, गुजरातेत उधन्याला. बरोबरीचे कामगार त्याला वरच्या जातीचा समजतात, मान देतात. जात कळते त्या दिवशी तेच त्याला तुडवतात. साहेबाने हात उचललेला नाही. मारणारे बरोबर काम करणारे. काशिनाथ मध्ये पडतो म्हणून हा वाचतो. आणि हा काशिनाथ कोण? जात न चोरता, पहिल्या दिवसापासून छाती काढून भांडणारा दुसरा दलित कामगार. एकाच ठिकाणी, एकाच जातीचे दोघे, आणि जगण्याच्या दोन उलट्या रीती. त्या दोघांमधला ताण मला मारहाणीइतकाच महत्त्वाचा वाटतो."

मामाने चहा ओतला. बशीत ओतून पिण्याची त्याची सवय मामीने चाळीस वर्षं मोडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जात आली की प्रश्न वेगळा होतो, मान्य. पण तुझ्या त्या अप्रेझलवाल्या कथा? ती माणसं तर सगळी एका जातीची, एका पगाराची, एका गृहसंकुलातली."

मला त्याला बेल कर्व्ह समजावून सांगावा लागला. दहा जणांची टीम असेल तर त्यातल्या एखाद-दोघांनाच वरची श्रेणी द्यायची आणि एकाला तळात टाकायचंच, काम सगळ्यांनी चांगलं केलं असलं तरी. वर्गातली दहाही मुलं पास झाली म्हणून मास्तरांनी एकाला नापास करावं, तसं. पद्धत सोडली असं बऱ्याच कंपन्या सांगतात. आमच्याकडे नाव बदललं.

"म्हणजे भांडण मालकाने आधीच तयार करून टेबलावर ठेवलंय!" मामाला भलताच आनंद झाला. "मग हे कथेत का येत नाही? नायकाला वाटतं शेजारच्याने मॅनेजरला मस्का लावला. तक्त्यात एक जागा मुळातच मरणाऱ्यासाठी राखून ठेवलीय हे त्याला कळत नाही. बरं, नायकाला कळू नये एक वेळ. लेखकाला तरी कळावं की नाही?"

इथे मी गप्प बसले. त्याचं बरोबर होतं. त्या सातही कथा मी नंतर वाचल्या. एकीतही लेखक नायकापेक्षा एक इंचभर उंच उभा नव्हता.

"पण जुन्या कारकुनी कथेतही तक्ता कुठे दाखवलेला असतो?" मी थोड्या वेळाने म्हटलं. "गुलाम अब्बास यांची 'कतबा' आठवते? फाळणीच्या आधीची उर्दू कथा. शरीफ हुसेन नावाचा कारकून बाजारात एक संगमरवरी तुकडा बघतो, स्वस्तात मिळतो म्हणून घेतो आणि त्यावर आपलं नाव कोरून घेतो. बढती मिळेल, स्वतःचं घर होईल, दारावर पाटी लावू. रजेवर गेलेल्या एका कारकुनाची जागा त्याला काही महिने मिळते—"

"ऑफिशिएटिंग!" मामा एकदम म्हणाला. "अगं, ऑफिशिएटिंगवर आमच्या शाखेत माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली होती. हेड कॅशियर रजेवर गेला की त्याचा भत्ता कुणाला? सिनिऑरिटी लिस्टमध्ये दोघांत अकरा दिवसांचा फरक. अकरा दिवसांवरून चार वर्षं अबोला."

"बघ. आणि शरीफ हुसेनचं काय होतं? तो दुसरा रजेवरून परत येतो, हा आपल्या जुन्या टेबलावर. मग पाटी कपाटात, मग अडगळीत. तो मेल्यावर मुलाला ती सापडते आणि तो ती बापाच्या कबरीवर बसवतो. साहेब वाईट नाही, कट नाही, अन्याय म्हणावा असा अन्यायही नाही. तरी सगळी उतरंड त्या एका दगडात आली. तक्ता न काढता."

"लेखकच नोकरदार होते, म्हणून," मामा म्हणाला. "त्यांना तक्ता वेगळा काढून दाखवायची गरज नव्हती, ते त्यातच बसलेले होते. बेदी लाहोरच्या पोस्टात कारकून, तिथूनच 'गर्म कोट' आली. शेखर जोशी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये, तिथून 'बदबू'. हाताला लागलेला रॉकेलचा वास येईनासा होतो तेव्हा तो कामगार घाबरतो. आपल्याला सवय झाली म्हणून घाबरतो! हे एसीत बसून सुचत नाही."

"व. पु. काळेही महापालिकेत होते."

"वपुंना मध्ये नको आणूस," मामा म्हणाला. त्याचं वपुंशी जुनं वैर आहे. कारण मामीला ते पाठ आहेत.

मला मात्र ज्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या होत्या त्यांत खुर्च्या आहेत. पहिली भीष्म साहनींची 'चीफ की दावत'. मामाने ती कधीतरी युनियनच्या सहलीत वाचूनही दाखवली होती. शामनाथच्या घरी साहेब जेवायला येणार. बढतीचा प्रश्न. घर आवरलं जातं, नको त्या वस्तू कपाटामागे, पलंगाखाली जातात, आणि मग प्रश्न उरतो तो आईचा. हिचं काय करायचं? तिला व्हरांड्यात खुर्चीवर बसवतात. कशी बसायची, पाय वर घ्यायचे नाहीत, घोरायचं नाही, हे सगळं मुलगा शिकवतो. व्हायचं तेच होतं, साहेब येतो तेव्हा ती पाय वर घेऊन खुर्चीतच झोपलेली असते. आणि साहेबाला तीच आवडते. तिचं गाणं, तिची फुलकारी. झालं, आता आईने साहेबासाठी नवी फुलकारी करायची, डोळ्यांना दिसत नसलं तरी. तिला हरिद्वारला जायचं होतं, ते राहिलं.

"त्यात शामनाथच्या स्पर्धेतला दुसरा माणूस कधी समोर येतो का?" मामाने विचारलं.

"येत नाही. पण आईला लपवतो कुणाच्या भीतीने? बायकोच्या? साहेबाच्या? मला वाटतं, ऑफिसातल्या त्या चार जणांच्या, ज्यांच्या आया खुर्चीत नीट बसतात."

दुसरी कथा तमिळमधली, जेयमोहन यांची 'नूरु नारकालिगळ', म्हणजे शंभर खुर्च्या. 2011च्या 'अरम' या संग्रहातली. मी ती इंग्रजीत वाचली. मामाने वाचलेली नव्हती, म्हणून सविस्तर सांगितली. धर्मपालन हा नायाडी जातीचा. ज्यांना नुसतं बघितलं तरी विटाळ मानत, ते नायाडी. भीक मागून जगणाऱ्या आईचा हा मुलगा आश्रमातल्या स्वामींकडे शिकतो आणि आयएएस होतो. होतो, पण कचेरीत त्याला बसायला जी खुर्ची देतात ती इतरांसारखी नसते. हाताखालचे त्याचा हुकूम ऐकल्यासारखं करतात आणि फाईल भलतीकडेच जाते. मुलाखत घेणाऱ्यांनी त्याला विचारलेलं असतं की एका बाजूला न्याय आणि दुसऱ्या बाजूला तुझ्या जातीचा माणूस असेल तर काय करशील. हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असता का, याचा विचार कर म्हटलं. आणि मग ती आई सरकारी इस्पितळाच्या आवारात मरणपंथाला लागलेली सापडते. तिची एकच विनवणी असते. शर्ट काढ, त्या खुर्चीवर बसू नकोस, मारतील तुला.

मामा बराच वेळ बोलला नाही. खाली भाजीवाल्याची गाडी आली आणि गेली.

"एक आई खुर्चीत कशी बसावी ते शिकते," मी म्हटलं, "आणि दुसरी पोराला खुर्चीतून उठ म्हणते. शामनाथला हवी आहे ती वरची खुर्ची आणि धर्मपालनला मिळालेली खुर्ची यांत पगाराचा फरक काढला तर धर्मपालन कितीतरी वर. तुझा वर्गाचा हिशेब इथे चालत नाही."

"चालतो," मामा म्हणाला, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "हुकूम न ऐकणारे ते हाताखालचे कोण? पगारदारच. त्यांना वाटतं, ही जागा आपल्यातल्या कुणाची तरी होती."

"म्हणजे मी सकाळपासून तेच म्हणतेय ना. अर्जुन डांगळ्यांची 'प्रमोशन' याच जातीची कथा आहे. राखीव जागेतून साहेब झालेला वाघमारे, हाताखालच्यांचे टोमणे. हा स्वतःही नव्या पदाच्या ऐटीत जुन्या माणसांपासून जरा लांब सरकू बघतो. आणि घरी येतो तर पोराला बाहेर जातीवरून अपमान खावा लागलेला. बढती उंबऱ्याबाहेरच राहते. तू वाचलीयस?"

"वाचलीय," मामा म्हणाला आणि चवडीतलं पुढचं पाकीट उघडायला लागला.

मला वाटलं, कंटाळला. उदय प्रकाशांच्या 'मोहनदास'वर मी पाचेक मिनिटं बोलले ती जवळजवळ एकटीच. त्यात तर स्पर्धाही उरत नाही. कोळसा खाणीतली मोहनदासची नोकरी बिसनाथ त्याचंच नाव घेऊन करत राहतो, आणि खरा मोहनदास शेवटी हात जोडून सांगतो की मी मोहनदास नाही. दीर्घकथा आहे, अंकात मावणार नाही, एवढंच मामा म्हणाला.

पाकिटातून निघालेली कथा हाताने लिहिलेली होती, वहीच्या पानांवर, चाकणचा पत्ता. त्याने आधी वाचली, मग मला दिली. एका आयटी इमारतीत हाऊसकीपिंगच्या दोन बायका. एकीकडे सातवा मजला, जिथे मीटिंगांचं उरलेलं जेवण मिळतं. दुसरीकडे तिसरा, जिथे संडास जास्त. तिसऱ्या मजल्यावरची सुपरवायझरला जाऊन सांगते की सातव्यावरचीने पेस्ट्रीचा खोका घरी नेला. सातव्यावरची दुसऱ्या दिवशीपासून येत नाही. हिला सातवा मिळतो. कपाटात जुनीची चप्पल राहिलेली असते, ही घालून बघते, आणि ती बरोबर येते. संपली.

"शेवट कच्चा," मामा म्हणाला. "ठेकेदार हवा. या दोघींना सातव्या-तिसऱ्यावर लढवणारा कोण ते वाचकाला कळलं पाहिजे."

"ठेकेदार मजल्यावर येतच नाही मामा. माझ्याच ऑफिसात मी आठ वर्षांत बघितलेला नाही. त्या बायकांना त्याचं नाव म्हणजे साडीवरच्या एप्रनवर शिवलेली तीन अक्षरं."

"मग तीन अक्षरं तरी आण!"

"चपलेत सगळं आलंय."

"चपलेत पश्चात्ताप आलाय. पश्चात्ताप फुकट असतो." त्याने पानं उलटून परत मधलं पान काढलं. "आणि हे बघ, हे खरं अर्धवट आहे. तिने तक्रार कशी केली? नुसतं 'सांगितलं' म्हणून सोडून दिलंय. तक्रार सांगायला माणसाला तयारी करावी लागते. शब्द जुळवावे लागतात. आम्हाला दोन दिवस लागले होते."

"कसली तक्रार?"

"लेखी होती." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "संपानंतर दोन-तीन वर्षांनी. माझ्या शेजारच्या टेबलावर होता एक जण. आरक्षणाच्या रोस्टरने त्याला बढती आली. यादीत तो माझ्या खाली होता. आम्ही नऊ जणांनी अर्ज दिला की शाखेच्या कामकाजाच्या दृष्टीने फेरविचार व्हावा. तिसरी सही माझी. मजकूरही माझा. माझं मराठी चांगलं ना."

"युनियनच्या लेटरहेडवर?"

"छे. साध्या फुलस्केपवर. लेटरहेडवर खाली एकजुटीची घोषणा छापलेली होती."

गॅलरीत आता ऊन आलं होतं. मी खुर्ची मागे घेतली.

"त्याला कळलं?"

"आवक-जावक त्याच्याकडेच होतं. मी अर्ज द्यायला गेलो. त्याने वाचला, सगळा. रजिस्टरला नोंद केली, आवक क्रमांक घातला, शिक्का मारला, आणि दुसऱ्या प्रतीवर मला पोच दिली."

"काही बोलला नाही?"

"तारीख विचारली. मी म्हटलं, अकरा." मामाने चाकणची पानं जुळवून टाचणी लावली. "सही फार सुंदर होती गं त्याची. ही बाजूला ठेव, हिच्यावर संध्याकाळी बोलू. एकविसावी दे."